मिस किन्नरीचा आवाज

काम अगदी साधं होतं. अमरावतीहून सकाळच्या एसटीनं अकोल्याला जायचं, डाबकी रोडवरच्या एका घरात अकरा मिनिटांची जुनी मुकी फिल्म बघायची, तिच्यातली बाई काय बोलते ते उतरवून घ्यायचं आणि संध्याकाळी परत. अपेक्षाच्या पिशवीत पाण्याची बाटली, वही, मोबाईल आणि एक कांदा होता. कांदा आईनं घातलेला. मे महिन्यात वऱ्हाडात घराबाहेर पडणाऱ्या पोरीच्या पिशवीत आई कांदा घालतेच, मग ती पोरगी एम.ए. झालेली का असेना.

आता फिल्म मुकी, तर तिच्यातली बाई बोलणार कशी, असं कोणीही विचारील. तर त्या काळी कॅमेऱ्यासमोर माणसं बोलायची, फक्त त्यांचा आवाज कुठे धरला जायचा नाही. ओठ हलायचे आणि मध्येच पाटी यायची, तिच्यावर संवाद लिहिलेला असायचा. प्रेक्षकांना पाटीवरचं कळायचं. ओठांवरचं कोणाला कळत नव्हतं.

अपेक्षाला कळायचं. ती तीन वर्षांची असताना तिच्या आईचे, शकुनचे, दोन्ही कान तापात गेले. पुढे हळूहळू शकुननं आवाजही सोडला. स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही, लोक माना वळवून बघतात, त्यापेक्षा नकोच ते. तेव्हापासून मायलेकी नुसत्या ओठांनी बोलायच्या. बाजारात, बसमध्ये, पाहुण्यांसमोर त्यांच्या गप्पा चालायच्या आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. फक्त एक सवय आईनं सोडली नव्हती. लेक कोणाशी मोठ्यानं बोलायला लागली की कधीकधी ती तिच्या गळ्यावर तळहात ठेवायची. त्या थरथरीवरून तिला कळायचं, पोरगी हसून राहिली की रडून राहिली की खोटं बोलून राहिली.

"तुआ आवाज चिमणीच्या छातीवानी धडधडते," ती ओठांनी म्हणायची.

आणि खरंच तसाच होता तो. बारीक, घाबरलेला. दार आपटलं की अपेक्षा दचकायची आणि आवाज तिच्याही आधी दचकायचा. नेमकं तिला रेडिओवर निवेदिका व्हायचं होतं. दोनदा चाचणी देऊन झाली, दोन्ही वेळा एकच शेरा मिळाला: आवाजात दम नाही. तिसरी चाचणी दुसऱ्याच दिवशी होती, सकाळी दहाला. त्यानंतर वयाची अट आड येणार होती. हे तिच्या आईवडिलांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. नजर लागेल म्हणून तिनं मैत्रिणींनासुद्धा सांगितलं नव्हतं.

मग चाचणीच्या आदल्या दिवशी अकोल्याला कशाला जायचं? तर संध्या मॅडमचा शब्द मोडवत नव्हता. मॅडम तिच्या कॉलेजातल्या. वऱ्हाडातून गेलेल्या एका मूकपटाच्या नटीवर त्या पुस्तक लिहीत होत्या. गेल्या महिन्यात त्या स्वतः अकोल्याला जाऊन फिल्म बघून आल्या होत्या, पण ओठ वाचणं त्यांना जमणारं नव्हतं. "तूच जा, उद्याच जा," त्यांनी मेसेज केला होता. हल्ली त्या मेसेजच करायच्या. घसा बसला होता म्हणे. महिना झाला तरी तो सुटला नव्हता.

नटीचं खरं नाव जयवंता. पातूरची. चौदाव्या वर्षी एका नाटक कंपनीच्या मागे मुंबईला गेली आणि तिथे मिस किन्नरी झाली. आठ वर्षांत सतरा चित्रपट केले. घोड्यावरून उडी मारायची, विहिरीत सूर मारायची, डोळ्यांनीच रडवायची. काडेपेटीवर तिचं चित्र होतं. अकोल्याच्या जत्रेत तंबूत तिचा चित्रपट लागला की पातूरहून बैलगाड्या जुंपून लोक यायचे. आणि मग बोलपट आले. तिला काचेच्या खोलीत उभं केलं, समोर मायक्रोफोन ठेवला आणि म्हणाले, बोला. तिनं तोंड उघडलं. पहिल्या वाक्याला साहेब लोक हसले, दुसऱ्याला दिवे लावणारेसुद्धा हसले. शेवटच्या चित्रपटात चेहरा तिचा ठेवला आणि पडद्याआडून दुसरीच बाई बोलली.

त्यानंतर ती अकोल्याला भावाच्या घरी परत आली. चाळीस वर्षं जगली. त्या चाळीस वर्षांत ती एक शब्दही बोलली नाही.

अपेक्षा डाबकी रोडला उतरली तेव्हा साडेअकरा झाले होते. मे महिन्यातली अकोल्याची दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला ते सांगून समजायचं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांची शटर अर्धी खाली ओढलेली, कुत्री नालीत पोट टेकून पडलेली, आणि प्रत्येक घरामागे कूलरची एकसुरी घरघर. ऊन इतकं पांढरं, की सावल्या भिंतीच्या बुडाशी दडून बसल्यासारख्या वाटत होत्या.

घर लहानसं होतं, स्लॅबचं, पुढे जाळीचं दार. सूर्यभान त्या दारातच उभा होता. जयवंताचा भाचा, सत्तरीचा, जन्मभर टॉकीजमध्ये मशीन चालवलेला. लांबूनच तो हसला.

"या या. रस्ता सापडला ना? संध्या मॅडमनं सांगतलं, तुमी ओठ वाचता म्हणून. मी रातभर झोपलो नाही पाहा."

रात्रभर झोप न येण्यासारखं यात काय आहे, असं अपेक्षाच्या मनात आलं. तिनं हळूच इकडेतिकडे बघून घेतलं. दाराला कडी बाहेरून होती की आतून? दोन्हीकडून होती. तिनं मोबाईल उघडून आपण कुठे आहोत ते मॅडमना पाठवून ठेवलं.

"काका, घरात अजून कोणी आहे का?"

"हाय ना. माई बहीण, माणिक. पण थे बोलत नाही."

स्वयंपाकघराच्या दारात एक वाळकी, ताठ कण्याची म्हातारी उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, इतके की तिथे तोंड होतं का, असं वाटावं. तिनं अपेक्षाकडे बघितलं, मग तिच्या गळ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जन्मापासून?" अपेक्षानं विचारलं.

"नाही," सूर्यभान म्हणाला. "वीस वर्षांची होती तवापासून. चाला आत, रीळ लावून ठेवलं हाय."

आतल्या खोलीच्या खिडक्यांना पोती ठोकली होती. दार लावल्यावर भर दुपारी तिथे मिट्ट काळोख झाला. भिंतीवर चुन्याचा पांढरा चौकोन, समोर स्टुलावर हातानं फिरवायचं मशीन, आणि सगळीकडे एक वास. कापूर जळून गेल्यावर राहतो तसा, पण त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर कुजल्यासारखं.

"दार उघडं ठेवू या का थोडं?" अपेक्षा म्हणाली.

"मंग दिसन काय? भेता काय मले? अवो, मी तुमच्या आज्याच्या उमरीचा." तो हसला, पण दार त्यानं उघडलं नाही. "कसं करता तुमी? लिहून घेता?"

"लिहायला खाली बघितलं की ओठ सुटतात. मी बघत बघत मोठ्यानं बोलत जाते. मोबाईलवर रेकॉर्ड करते. घरी जाऊन उतरवायचं."

"मोठ्यानं," सूर्यभान म्हणाला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज एकदम ओला झाला होता. "हां. मोठ्यानंच बोला."

टकटक टकटक करत मशीन फिरू लागलं. भिंतीवर धुकं हललं, ओरखडे पावसासारखे सरकले आणि एक बाई विहिरीपाशी येऊन उभी राहिली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, काळ्या रेघांनी ओढलेले डोळे. शंभर वर्षांपूर्वीची. चेहरा असा जवळ आला, की पापण्यांवरची पावडरसुद्धा दिसत होती.

पाटी आली: "नाथा, या दासीला अंतर देऊ नका."

पाटी गेली. ओठ हलले. अपेक्षानं मोबाईल तोंडाजवळ धरला आणि बोलायला लागली.

"अवो थो आरसा बाजूला घ्या ना… डोये जळून राहिले माये… सकाळपासून चा नाही का पाणी नाही, अन् म्हणते रड…"

तिला हसूच फुटलं. पाटीवर विरहानं व्याकुळ झालेली दासी, आणि ओठांवर पातूरची भुकेली पोरगी! पुढे नायक घोड्यावरून आला. पाटी म्हणाली, "आपल्याविना हे जीवन व्यर्थ आहे." ओठ म्हणाले, "तोंडाले कांद्याचा वास येते बापा तुह्या, जरा तिकडं हो." अपेक्षा हसत हसत बोलत राहिली. भीती कुठल्या कुठे गेली. शंभर वर्षं जी गंमत कोणालाही कळली नव्हती ती आपल्याला पहिल्यांदा कळते आहे, असं तिला वाटलं आणि ती बाई तिला एकदम आवडून गेली.

अकरा मिनिटं संपली. भिंत पांढरी झाली.

"छान आलं," अपेक्षा म्हणाली. "मॅडम खूश होतील."

"एकदा अजून पाहा," सूर्यभान अंधारातून म्हणाला. तो रीळ उलटं गुंडाळत होता. "एका वेळी सगळं दिसत नाही. माणिकलेबी दोनदाच लागलं होतं."

"त्यांनाही ओठ वाचता यायचे?"

त्यानं रिळाचं टोक चाकात अडकवलं. मग म्हणाला, "आत्यानंच शिकोलं होतं तिले. आत्या बोलत नव्हती ना… ओठच हलवे. आत्या गेली त्या साली माणिकनं हे रीळ वाचलं होतं. मोठ्यानं. अन् काय आवाज लागला होता पोरीचा, काय सांगू… मी सोळा वर्षांचा होतो. अजून कानात हाय."

त्याच क्षणी अपेक्षानं उठून जायला हवं होतं. तिलाही ते वाटलं. पण आपण उगाच घाबरतो, प्रत्येक गोष्टीचा संशय घेतो, म्हणूनच आपला आवाज असा आहे, हेही वाटलं. उद्या दहाला मायक्रोफोनपुढे बसायचं आणि आज एका म्हाताऱ्याला भ्यायचं? ती बसून राहिली.

टकटक टकटक.

तीच विहीर. तीच बाई. तीच पाटी: "नाथा, या दासीला अंतर देऊ नका." ओठ हलले आणि अपेक्षा बोलू लागली.

"आली का परतून… बस. मगाशी हासत होती, बरं वाटलं मले… शंभर वर्षं झाले, कोणी हासलंच नाही असं… हासले थे दुसरंच हासले…"

ओठ वाचणाऱ्याचं एक असतं. तो अर्थाच्या मागे थांबत नाही. थांबला की पुढचं सुटतं. डोळ्यांनी घ्यायचं आणि तोंडानं सोडायचं, मध्ये मन येऊ द्यायचं नाही. अपेक्षाचं तोंड चालत होतं आणि मन चार शब्द मागे राहिलं होतं. ते धडपडत, ठेचकाळत मागून येत होतं. हे मगाशी नव्हतं. आरसा, चहा… ते कुठे गेलं?

"…बारीक हाय तुआ आवाज. पण गोड हाय. उद्या दहा वाजता ना? काचेच्या खोलीत ना? मीबी गेली होती काचेच्या खोलीत…"

तोंड थांबेना.

"…मले नेशीन का संग?"

चेहरा जवळ आला. मगाशी तो इतका जवळ आला नव्हता. आता भिंतीवर डोळे नव्हते, कुंकू नव्हतं, नुसते दोन ओठ होते, घमेल्याएवढे, काळे. ते सावकाश हलले, लहान पोराला शिकवावं तसे. आणि अपेक्षानं सवयीनं, डोळे न हलवता, खणखणीत म्हटलं:

"हो. नेईन."

रीळ तुटलं. फट् असा आवाज झाला, शेपूट चाकावर फडफडत राहिलं, भिंत पांढरी झाली. आणि अंधारात सूर्यभान हुंदके देऊन रडत होता.

"थोच आवाज… आत्या… आत्याचाच…"

दार धाडकन उघडलं. पांढऱ्या उन्हात माणिकबाई उभी होती. तिनं अपेक्षाचं मनगट धरलं आणि ओढत स्वयंपाकघरात नेलं. दार लावून घेतलं. मग त्या मिटलेल्या ओठांची शिवण उसवावी तसं तिनं तोंड उघडलं. आवाज नव्हता. नुसते ओठ हलले. पण अपेक्षाला तेवढं पुरेसं होतं.

"हो म्हटलं का?"

अपेक्षानं मान हलवली.

म्हातारीनं डोळे मिटले, उघडले. "मीबी म्हटलं होतं. थे तशीच विचारते, अन् उत्तरबी थेच देते, आपल्या तोंडानं."

"म्हणजे… तेव्हापासून तुम्हाला बोलता येत नाही?" अपेक्षानंही ओठांनीच विचारलं. का कोण जाणे, आवाज काढायचा धीर झाला नाही.

"येते. आवाज काढला त मी नाही बोलत. थे बोलते. म्हणून काढला नाही. त्रेपन्न वर्षं झाली. हा भाऊ माया रोज पाय धरते, एकदा बोल म्हणते, आत्याले ऐकू दे म्हणते." तिनं अपेक्षाच्या गळ्यावर बोट ठेवलं. "घरी जाय. अन् तोंड दाबून ठेव."

"किती दिवस?"

माणिकबाईचे ओठ मिटले. पुन्हा शिवण पडली.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं, ताई?" अपेक्षानं मोबाईलवर अमरावती लिहून दाखवलं. त्याला वाटलं, मुकी आहे बिचारी. खिडकीतून गरम वारा येत होता, काळी रानं नांगरून उघडी पडली होती. ती स्वतःची समजूत घालत होती. म्हातारी भ्रमिष्ट. म्हातारा नाटकी. चाचणीचं त्याला मॅडमनी सांगितलं असेल. पण मॅडमना कोणी सांगितलं? आणि त्याला माहीत असलं तरी ते शंभर वर्षांच्या फिल्ममधल्या ओठांवर कसं येईल? मन काहीही जुळवतं, उन्हानं असं होतं, पिशवीत कांदा होता पण आपण तो हुंगला नाही…

मूर्तिजापूरला बस थांबल्यावर तिनं कानात इअरफोन घातले. रेकॉर्डिंग लावलं.

पहिल्या वेळचं जसंच्या तसं होतं. तिचाच बारीक आवाज, मध्येच हसणं. दुसऱ्या वेळचं सुरुवातीला तिचंच. मग दुधात शाई सोडावी तसा त्या आवाजात दुसरा आवाज मिसळत गेला. भरदार, जरा घोगरा, तंबाखूची चव असलेला. शेवटचं "हो, नेईन" तिच्या आवाजात नव्हतंच. आणि मोबाईल तर सबंध वेळ तिच्या स्वतःच्या हातात होता.

तिनं मॅडमना लिहिलं: "मॅडम, एकदा फोन करा ना. प्लीज."

बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग उत्तर आलं: "फोन नको. तू मोठ्यानं वाचलंस का?"

आणि थोड्या वेळानं: "मी मोठ्यानं फक्त पाट्याच वाचल्या होत्या, तरी घसा गेला. तुला सांगायला हवं होतं. पण मला खात्री करून घ्यायची होती."

अपेक्षानं मोबाईल बंद केला.

त्या संध्याकाळी घरी ती बोललीच नाही. बाबांना, खुशालरावांना वाटलं, चाचणीसाठी आवाज जपून राहिली. त्यांनी गरम पाणी करून दिलं. आईशी तर आवाजाची गरजच नव्हती. झोपताना आई ओठांनी म्हणाली, "भेऊ नको. उद्या जमते पाय." आणि सवयीनं तळहात तिच्या गळ्यावर ठेवला. गळा मुका होता. आईनं हात काढून घेतला.

सकाळी दहाला अपेक्षा काचेच्या खोलीत बसली.

जाऊ नये असं तिनं रात्रभरात शंभर वेळा ठरवलं होतं. पण न जाणं म्हणजे काय, हे तिनं आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बघितलं होतं. एका खोलीत, मिटलेल्या तोंडानं, त्रेपन्न वर्षं. आणि हे सगळं खोटं असेल तर? एका वेड्या म्हातारीचं ऐकून आपण जन्माची नोकरी घालवली असं झालं तर? काहीच झालं नाही तर माझा बारीक आवाज येईल आणि मी नापास होईन, तिनं स्वतःला सांगितलं. तेवढंच.

लाल दिवा लागला. समोरच्या काचेपलीकडे तिघं परीक्षक कागदांवर मान घालून ऐकायला बसले होते. अपेक्षानं तोंड उघडलं.

"नमस्कार."

तिघांच्याही माना एकदम वर झाल्या.

काय आवाज होता तो! भरल्या मोटेसारखा वर आला आणि खोलीभर सांडला. बातम्या वाचल्या, हवामान वाचलं, शेतकऱ्यांसाठीची सूचना वाचली. कुठे अडखळ नाही, घाई नाही. एका परीक्षकानं पेन खाली ठेवलं. परीक्षकांतल्या बाईंनी माईकवरून विचारलं, "आपल्या बोलीत काही म्हणता का? आमचा बायांसाठीचा कार्यक्रम वऱ्हाडीत असतो."

"म्हणतो ना," आवाज म्हणाला. "लय दिवसापासून म्हणाचं होतं. कोणी मनावरच घेत नव्हतं, बापा."

पलीकडे तिघंही हसले. कौतुकानं हसले. आवाज क्षणभर थांबला, जणू ते हसणं कसलं आहे ते पारखून घेत होता. मग खुशीत आला आणि बोलतच राहिला. लाल दिवा विझला तरी बोलत राहिला.

अपेक्षा काचेत बघत होती. काचेत तिचंच प्रतिबिंब होतं. त्यातले ओठ हलत होते, पण त्या बोलण्याबरोबर हलत नव्हते. ते बारीक बारीक, भराभर हलत होते. तिनं सवयीनं वाचले. "नको नको नको नको," असं ते म्हणत होते.

घरी पोचेपर्यंत निवड झाल्याचा फोन येऊन गेला होता. बाबांनी संत्रा बर्फीचा डबा आणला. शेजारच्या चतुराबाई दारात येऊन ऐकून गेल्या, "काय आवाज खुलला वं पोरीचा!" अपेक्षानं त्यांना 'जयवंताबाई' अशी हाक मारली, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती किती आनंदात बोलत होती! बाबा तर खुर्ची ओढून समोरच बसले.

शकुन मात्र भिंतीला टेकून उभी होती. तिला आवाज ऐकू येत नव्हता. ती लेकीच्या ओठांकडे बघत होती. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं नवऱ्याचा खांदा हलवला आणि ओठांनी विचारलं, "काय म्हणून राहिली थे?"

खुशालराव तोंड मोठं करून, सावकाश म्हणाले, "सोमवारपासून ये म्हटलं म्हणते. पहिला कार्यक्रम तिलेच देला."

शकुननं मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. "थे असं नाही म्हणत."

"अवं, मी ऐकून राहिलो ना! असंच म्हणते."

शकुन पुढे आली. तिनं लेकीच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि विस्तवाला हात लागावा तसा मागे घेतला. तिथे चिमणी नव्हती. तिथे जात्यासारखं काहीतरी जड, संथ फिरत होतं.

"मंग काय म्हणते?" खुशालरावांनी वैतागून विचारलं. "तूच सांग."

शकुन लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. डोळे तिच्या ओठांवर खिळवले. आणि वीस-एकवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं केलं. नवऱ्याला कळावं म्हणून, बघत बघत, ती मोठ्यानं बोलू लागली.

"आई… मी इथंच आहे… आई, हे मी बोलत नाही… आई, मोठ्यानं नको वाचू… मोठ्यानं नको वाचू गं…"

खुशालरावांच्या हातातला डबा खाली पडला.

बायकोचा आवाज त्यांना आठवत होता. जाडाभरडा, मोकळा, शेतातून घरापर्यंत ऐकू येणारा. हा तो नव्हता. हा बारीक होता, घाबरलेला, शब्दाच्या आधी दचकणारा. गेली चोवीस वर्षं या घरात रोज ऐकलेला.

लेकीच्या तोंडचा तो भरदार आवाज बोलायचा थांबला होता. अपेक्षाचा गळा शांत होता. आत कोणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं.

शकुनला यातलं काहीच ऐकू आलं नाही. पण बोलता बोलता तिचा हात आपोआप वर गेला आणि स्वतःच्याच गळ्यावर टेकला. तळहाताखाली चिमणीच्या छातीसारखं काहीतरी धडधडत होतं.